भरावाचं मॉडेल तपासून देणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

खाडीलगतच्या रस्त्याच्या भरावाचं संगणकावरचं मॉडेल तुम्ही ओळ न् ओळ तपासून दिलंत, त्याबद्दल आम्हा सगळ्यांकडून मनापासून आभार. तुमचे शेरे मऊ मातीवर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचे आहेत, म्हणून हे पत्र उघड लिहितो आहोत.

सॉफ्टवेअर उघडण्याआधी कागदावर हिशोब, हा तुमचा आग्रह सगळ्यांत मोलाचा. ०.९ मीटर व्यासाचे स्टोन कॉलम (मऊ माती सावरायला जमिनीत उभे भरलेले खडीचे खांब), त्रिकोणी मांडणीत २.२५ मीटर अंतरावर, म्हणजे एकूण क्षेत्रफळात त्यांचा वाटा सुमारे १४.५ टक्के. ४ मीटर भरावाचा भार ८० किलोपास्कल. कॉलमवरचा ताण मातीवरच्या चौपट धरला (स्टोन कॉलमसाठीच्या आयएस १५२८४ या भारतीय मानकात २.५ ते ५ पट), तर मातीवर ५६ आणि कॉलमवर २२३ किलोपास्कल येतात. मॉडेलचे आकडे यापासून फार दूर गेले, तर आधी इनपुट तपासायचं.

द्विमितीय मॉडेल म्हणजे रस्त्याचा आडवा छेद, त्यात कॉलमच्या रांगेची सलग भिंत होते. तिची जाडी ०.९ मीटरच ठेवली, तर १.९५ मीटरवरच्या रांगांमुळे वाटा ४६ टक्क्यांवर जातो आणि भराव कागदावर जवळजवळ खचतच नाही. क्षेत्रफळ जुळवून जाडी ०.२८ मीटर घ्यायची. पाण्याचा निचराही बदलतो: खऱ्या जमिनीत पाणी चहूबाजूंनी कॉलमकडे येतं, भिंतीकडे फक्त दोन बाजूंनी. म्हणून एकाच कॉलमचं अक्षसममित (कॉलमच्या मध्यरेषेभोवती सगळीकडे सारखं) मॉडेल वेगळं चालवून, त्याच्या खचण्याच्या वेगाशी जुळेल अशी मातीची पारगम्यता (पाणी वाहू देण्याची क्षमता) द्विमितीय मॉडेलला द्यायची.

टप्प्यांचा क्रमही तुम्ही नेमका लावून दिलात. आधी जमिनीतला मूळ ताण, मग कॉलम, मग तोवरचं विस्थापन (मातीची मोजलेली हालचाल) शून्यावर, त्यानंतर वाळूचा थर आणि थराथराने भराव. दोन थरांमध्ये छिद्रजल दाब (मातीच्या कणांमधल्या पाण्याचा दाब) उतरायला वेळ. शून्यावर आणायचं राहिलं, की कॉलम बसवतानाची हालचाल भरावाच्या खात्यात जमा होते. खडीचा डायलेटन्सी कोन (घसरताना खडी किती फुगते त्याचं माप) वाढवून धरला, तर फुगू पाहणारा कॉलम मातीत आवळला जातो आणि फुकटची ताकद दाखवतो. हा शेरा तर आम्ही ठळक करून ठेवला आहे.

उताराच्या पायथ्याबद्दल तुम्ही सर्वांत जास्त लिहिलंत, आणि ते योग्यच होतं. तिथले कॉलम नुसते दाबले जात नाहीत, ते वाकतात, बाहेर कलतात, आणि मऊ माती त्यांच्यामधून सरकते. भिंतीच्या मॉडेलमध्ये मातीला ती वाट बंदच असते, त्यामुळे आडवं सरकणं कमी दिसतं. माती आणि कॉलम यांची मिळून एकच संमिश्र ताकद धरून घेतलेलं घसरवर्तुळही (उतार ज्या गोलाकार रेषेवर घसरेल असं धरतात ती) इथे फसवा सुरक्षा गुणांक देऊ शकतं. त्यावर तुम्ही सुचवलेली त्रिमितीय पट्टी, सममितीमुळे फक्त अर्ध्या अंतराची, १.१२५ मीटर जाडीची, साध्या संगणकावरही चालते. तिची इनपुट फाइल मागेल त्याला द्यायची मोकळीक दिलीत, त्यासाठी वेगळे आभार.

आपले,
भराव आराखडा गट