खाटेपाशी घेतलेली ओव्हर : आमच्या निवृत्त अधिसेविकांना आभारपत्र

आदरणीय मेट्रन मॅडम,

सप्रेम नमस्कार.

आपल्या निरोप समारंभात मी जेमतेम चार वाक्ये बोललो आणि शस्त्रक्रियागृहातून फोन आला म्हणून अर्ध्यातून उठून गेलो. आपल्याला शाल आणि श्रीफळ कोणी दिले, हेही मला नंतर फोटो पाहून कळले. त्या दिवशी राहून गेलेले आज लिहीत आहे आणि ते जाहीरपणे लिहीत आहे, कारण आपले रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडले गेले त्या काळात आपण जे केले त्याची नोंद आपल्या सेवापुस्तकात कुठेही होणार नाही.

गोंदिया, नंदुरबार, सातारा, सिंधुदुर्ग, अलिबाग अशा अनेक ठिकाणी गेल्या काही वर्षांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तर राज्यातील दहा नव्या महाविद्यालयांचे एकाच दिवशी उद्घाटन झाले. बहुतेक ठिकाणी जिल्ह्याचे जुने सरकारी रुग्णालयच महाविद्यालयाला जोडले जाते, म्हणजे ते सार्वजनिक आरोग्य विभागाकडून वैद्यकीय शिक्षण विभागाकडे जाते. लोकांना फाटकावरचा फलक तेवढा बदललेला दिसतो. आत मात्र खर्चाचे लेखाशीर्ष बदलते, वरिष्ठ कार्यालय बदलते, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या जागी अधिष्ठाता येतात आणि वीस-वीस वर्षे एकाच वॉर्डात काढलेल्या परिचारिकांना आपण नक्की कोणत्या विभागाच्या, हा प्रश्न पडतो.

मी वैद्यकीय अधीक्षक म्हणून रुजू झालो तेव्हा हस्तांतरण म्हणजे याद्या जुळवणे, असे धरून चाललो होतो. खाटा, व्हेंटिलेटर, मॉनिटर, जडसंग्रह (डेडस्टॉक) नोंदवही, खाली दोघांच्या सह्या. एका दुपारी ते उरकावे म्हणून मी यादी आपल्यापुढे ठेवली आणि आपण सही करण्यास नकार दिलात. मला राग आला होता, हे आता कबूल करतो. आपण एवढेच म्हणालात, "सर, आम्ही सिस्टर लोक ओव्हर टेबलावर घेत नाही, पेशंटच्या खाटेपाशी घेतो." पाळी बदलताना एका सिस्टरने दुसरीकडे रुग्णांची जबाबदारी सोपवणे, ही आपली ओव्हर. त्यानंतर अकरा दिवस, रोज सकाळची पाळी सुरू होण्याच्या वेळी, आपण मला एकेका वॉर्डातून फिरवलेत. यादीत चालू म्हणून दाखवलेल्या व्हेंटिलेटरपैकी दोन बंद निघाले आणि एका मॉनिटरची केबल गरज पडेल तेव्हा शेजारच्या वॉर्डातून मागून आणली जात होती.

पण यंत्रे हा आपल्या दृष्टीने त्या फेरीतला किरकोळ भाग होता. ऑक्सिजनच्या खोलीतला एक व्हॉल्व्ह अडकतो आणि तो सोडवण्याची युक्ती एकट्या कक्षसेवक मामांना ठाऊक आहे. वीज गेल्यावर जनित्र सुरू होईपर्यंत नवजात बालकांच्या कक्षात कोणता वॉर्मर आधी पाहायचा, हे रात्रपाळीच्या दोन सिस्टरना माहीत आहे. नातेवाईक नसलेल्या रुग्णाचे जेवण उशिरापर्यंत झाकून कोण ठेवते, तर स्वयंपाकघरातल्या मावशी. असे सारे आपण एका जाड वहीत उतरवून काढलेत आणि वर शीर्षक घातलेत, 'कोणाला काय ठाऊक'. व्हॉल्व्हवाल्या मामांच्या निवृत्तीला तेव्हा चार महिने उरले होते. ते गेल्यानंतर पहिल्याच पावसाळ्यात तो व्हॉल्व्ह रात्री अडकला आणि वहीतले पान पाहून एका नव्या कक्षसेवकाने तो सोडवला. आपण त्या वेळी रजेवर होतात, म्हणून ही हकिकत आपल्या कानावर आली नसावी.

विकल्प मागवले गेले तेव्हा अनुभवी परिचारिकांपैकी बऱ्याच जणींनी जुन्याच विभागात राहणे पसंत केले. ज्येष्ठता, पदोन्नती, घर, मुलांच्या शाळा. कोणाचेही कारण खोटे नव्हते. अडचण एवढीच होती की कार्यमुक्तीचे आदेश सर्वांना एकाच तारखेचे निघणार होते. आपण दोन्ही बाजूंच्या कार्यालयांत जाऊन, संघटनेच्या प्रतिनिधींना सोबत घेऊन, एकच मागणी लावून धरलीत, ती म्हणजे एका वॉर्डातून एका आठवड्यात एकापेक्षा जास्त अनुभवी सिस्टर सोडू नये आणि नवजात बालकांच्या कक्षाला शेवटी हात लावावा. या मागणीला कोणत्याही शासन निर्णयाचा आधार नव्हता. तरी ती मान्य झाली, याचे कारण मला वाटते असे की दोन्ही कार्यालयांतील निम्मे लोक कधी ना कधी आपल्या हाताखालून गेले होते. ज्यांचा पगार कागद इकडून तिकडे जाईपर्यंत दोन महिने अडकला, त्यांची देयके आपण स्वतः घेऊन गेलात, हे त्या सिस्टर आजही सांगतात.

सर्वांत कठीण गेल्या त्या रात्री. महाविद्यालय आले म्हणजे डॉक्टर वाढले, असे लोकांनी गृहीत धरले आणि तालुक्यांतून येणाऱ्या रुग्णांची संख्या वाढली. वस्तुस्थिती अशी की एमबीबीएसचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा आहे आणि त्यानंतर आंतरवासिता (इंटर्नशिप) येते, त्यामुळे पहिल्या तुकडीतले आंतरवासी डॉक्टर वॉर्डात दिसायला तेवढी वर्षे जावी लागतात. पदव्युत्तर निवासी डॉक्टरही सुरुवातीला नसतात. पहिल्या वर्षाची मुले शरीररचनाशास्त्र शिकत होती आणि वर अपघात विभागात रात्री दोनच डॉक्टर होते. तो भार परिचारिकांनी पेलला. कोणत्या लक्षणाला डॉक्टरांना ताबडतोब उठवायचे, याचा एक पानी तक्ता आपण आणि भिषकांनी (फिजिशियन डॉक्टरांनी) मिळून तयार केलात. तो आजही प्रत्येक नर्सिंग स्टेशनवर लावलेला आहे.

केस पेपरच्या खिडकीवरचा वाद मात्र आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आधी आला नव्हता. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क झाले, पण वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालये त्या निर्णयात नव्हती. विभाग बदलताच त्याच खिडकीवर पैसे मागितले जाऊ लागले, तेव्हा लोक चिडले आणि त्यांचे चिडणे रास्तच होते. खिडकीपाशी उभे राहून लोकांना समजावण्याचे काम माझे होते. पहिले तीन दिवस ते आपण केलेत.

एका बाबतीत आपण चुकलात असे मला अजूनही वाटते. खाटांची युनिटनिहाय, म्हणजे डॉक्टरांच्या एकेका गटानुसार, विभागणी आपल्याला शेवटपर्यंत पटली नाही आणि त्यावरून प्राध्यापकांशी आपले दोनदा खटके उडाले. विभागणीमुळे कोणत्या रुग्णाची जबाबदारी कोणाची, हे आता स्पष्ट झाले आहे. हे वाचून आपण मान हलवाल, तेही मला ठाऊक आहे.

आपल्यामागे अधिसेविकेचे पद बरेच दिवस प्रभारी व्यवस्थेवर चालले. आता नियमित नियुक्ती झाली असून नव्या अधिसेविका येत्या महिन्याच्या सुरुवातीस रुजू होतील. त्या बाहेरच्या जिल्ह्यातून येत आहेत आणि आपली वही मी कपाटातून काढून ठेवली आहे. तरीही केवळ वही त्यांच्या हाती देऊन सही घेणे मला आता जमणार नाही. आपल्याला सोयीच्या असतील अशा दोन सकाळी, पाळी बदलण्याच्या वेळी, आपण यावे आणि ओव्हर द्यावी, ही विनंती. गाडी पाठवण्याची व्यवस्था केली आहे.

आपला कृतज्ञ,
वैद्यकीय अधीक्षक