श्वास आणि उतरलेला रक्तदाब : लेकीस पत्र

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

रक्तदाब उतरलेल्या रुग्णांना मास्कसह लावायचे, श्वास आत घेताना थोडा अडथळा करणारे उपकरण तुमच्या आपत्कालीन विभागात आले आहे आणि त्याच्या वापराबद्दल तुमच्या तुकडीत दोन मते आहेत, असे तू लिहिलेस. सलाइन नाही, औषध नाही, नुसत्या श्वासाने रक्तदाब कसा वाढेल, हा तुझा प्रश्न अगदी योग्य आहे. भूलतज्ज्ञ म्हणून इतकी वर्षे माझे लक्ष याच गोष्टीकडे राहिले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. तू मात्र या पत्राकडे त्या उपकरणाची शिफारस म्हणून पाहू नकोस. त्यामागचे तत्त्व तुला नीट उमगावे, एवढ्यासाठी मी लिहीत आहे, कारण ते उपकरण हाती नसतानाही तेच तत्त्व रोज तुझ्या उपयोगी पडणार आहे.

शरीरातले रक्त शिरांमधून हृदयाकडे परत येते ते फार मोठ्या दाबाने नव्हे. रक्ताभिसरण क्षणभर थांबले तर सगळीकडे जो समान दाब उरेल, तो शरीरक्रियाशास्त्राच्या पुस्तकांत सुमारे ७ मिलिमीटर पारा इतका दिलेला असतो, आणि हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यातला दाब शून्याच्या आसपास असतो. म्हणजे धमनीत आपण १२० मोजत असलो, तरी हृदयाकडे रक्त ओढणारा फरक जेमतेम ७ चा असतो. आपण श्वास आत घेतो तेव्हा फुफ्फुसाभोवतीचा दाब वातावरणापेक्षा सुमारे ५ सेंटिमीटर पाण्याने कमी असतो तो ८ पर्यंत उतरतो, त्याच वेळी श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांमधला स्नायूंचा पडदा, खाली सरकून पोटातला दाब वाढवते, आणि या दोन्हींमुळे रक्त वर छातीकडे येते. आता श्वास घेताना वाटेत थोडा अडथळा ठेवला, तर छातीला अधिक जोर लावावा लागतो आणि आतला दाब आणखी उतरतो. या उपकरणाची झडप सुमारे ७ सेंटिमीटर पाण्याइतका ऋण दाब, म्हणजे वातावरणापेक्षा तितका कमी दाब, निर्माण झाल्यावरच हवा आत सोडते. पाऱ्यात मोजले तर हा दाब सुमारे ५ मिलिमीटर भरतो. एरवी नगण्य वाटणारा हा आकडा त्या ७ च्या शेजारी ठेवून पाहा, म्हणजे या कल्पनेत जीव कुठे आहे ते कळेल. हृदयात अधिक रक्त आले की प्रत्येक ठोक्यागणिक अधिक रक्त बाहेर पडते आणि धमनीतला दाब सावरतो.

अमेरिकेतील सॅन अँटोनियो येथील लष्करी संशोधन संस्थेत व्हिक्टर कॉन्व्हर्टिनो यांनी या विषयावर दीर्घकाळ काम केले. निरोगी स्वयंसेवकांच्या कमरेखालच्या भागाभोवती हवेचा दाब कमी करून रक्त पायांकडे खेचायचे, म्हणजे रक्तस्रावासारखी स्थिती निर्माण होते, आणि मग अडथळ्यातून श्वास घेतल्याने ती किती काळ सहन होते ते पाहायचे, अशी त्यांची पद्धत होती. अंतराळातून परतल्यावर उभे राहताच भोवळ येणाऱ्या अंतराळवीरांच्या दृष्टीनेही हा विचार झाला. ही सारी कल्पना मला मनापासून सुंदर वाटते, पण ती वापरण्याच्या अटी फार कडक आहेत.

पहिली अट म्हणजे रुग्ण शुद्धीवर हवा, स्वतः श्वास घेणारा हवा आणि सांगितलेले समजणारा हवा. मास्क चेहऱ्यावर घट्ट बसला पाहिजे, कारण कडेने हवा शिरली की ऋण दाब तयारच होत नाही आणि आपण उगाच समाधान मानून बसतो. श्वास दोन-तीन सेकंद घेऊन सावकाश आत ओढायला सांगावा आणि उच्छ्वास सहज सोडू द्यावा. ज्याला आधीच धाप लागली आहे किंवा छातीत दुखत आहे, ज्याच्या फासळ्या मोडून छातीची भिंत सैल झाली आहे, ज्याच्या छातीत फुफ्फुसाबाहेर हवा भरल्याची शंका आहे, त्याला हे लावू नये. हृदय कमकुवत होऊन फुगलेले असेल, महाधमनीची झडप अरुंद असेल किंवा फुफ्फुसातील रक्तदाब वाढलेला असेल, तर तेथेही नको, कारण छातीतला दाब जितका उतरतो तितका डाव्या हृदयाला रक्त बाहेर ढकलायला अधिक भार पडतो आणि फुफ्फुसात पाणी उतरण्याचा धोका वाढतो. शिवाय अडथळ्यातून श्वास घेणे म्हणजे स्नायूंना जादा श्रम, आणि शॉकमधल्या, म्हणजे रक्ताभिसरण कोलमडलेल्या, रुग्णाजवळ श्रमासाठी शिल्लक फार कमी असते. रुग्ण दमलेला दिसला, तर मॉनिटरवरचा आकडा कितीही चांगला असो, उपकरण काढून टाक.

मर्यादा आणखी एक आहे. छातीतला दाब फार उतरला, तर छातीत शिरतानाच्या मोठ्या शिरा बाहेरच्या दाबाने चपट्या होतात आणि त्यापुढे कितीही ओढले तरी प्रवाह वाढत नाही, जशी जोरात ओढल्यावर मऊ नळी आतून चिकटून बसते. रक्त पुष्कळ गेले असेल तर ही वेळ लवकर येते. म्हणून हे उपकरण रक्ताची जागा घेत नाही. शिरेत सुई लावेपर्यंत, रक्त येईपर्यंत, रक्तस्राव थांबवणाऱ्या हातांपर्यंत रुग्ण पोहोचेपर्यंत ते थोडा अवधी मिळवून देते, इतकेच. वाहती जखम दाबून न धरता नुसता दाब चढवला तर रक्त अधिक वाहील, हेही विसरू नकोस.

तुझे सहकारी म्हणतात की रक्तदाब वाढतो हे सिद्ध झाले आहे, मग वाद कशाला. याच तत्त्वावरचे उपकरण हृदय बंद पडलेल्या रुग्णांत सीपीआरच्या वेळी, म्हणजे छाती दाबून रक्त फिरते ठेवताना, श्वासनळीच्या नळीला किंवा मास्कला जोडून वापरले गेले, आणि आधीच्या अभ्यासांत रक्तदाब सुधारल्याचे दिसलेही होते. पुढे उत्तर अमेरिकेत ८,७१८ रुग्णांवर खरे आणि बनावट (दिसायला तसेच, पण अडथळा न करणारे) उपकरण वापरून मोठी तुलना झाली. तिचे निष्कर्ष २०११ मध्ये आले, आणि चांगल्या स्थितीत घरी जाणाऱ्यांचे प्रमाण बनावट उपकरणात ६.० टक्के तर खऱ्यात ५.८ टक्के निघाले. २०१५ च्या अमेरिकन हृदयसंघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनी नेहमीच्या सीपीआरबरोबर त्याचा सरसकट वापर करू नये असे सांगितले. तुमचा रुग्ण वेगळा आहे, तो स्वतः श्वास घेतो, हे मान्य. पण आकडा सुधारणे आणि माणूस वाचणे या दोन गोष्टी स्वतंत्रपणे तपासाव्या लागतात, हे त्या निकालानंतर कोणी नाकारू नये.

आता मला खरी कळकळ आहे ती उलट्या बाजूची. छातीतला दाब उतरल्याने रक्त हृदयाकडे येते, तर दाब चढवल्याने ते अडते. शरीरक्रियाशास्त्रज्ञ आंद्रे कूर्नां आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८ मध्येच धन दाबाच्या श्वसनाने, म्हणजे हवा दाबाने आत ढकलून दिलेल्या श्वासाने, हृदयातून बाहेर पडणारे रक्त कसे घटते ते माणसांत मोजून दाखवले होते. तरीही धावपळीत हात अँब्यू बॅग, म्हणजे श्वास देण्याची हातपिशवी, भराभर दाबत सुटतात. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णवाहिकेतील प्रशिक्षित कर्मचारी सीपीआर देताना मिनिटाला सरासरी ३० श्वास देत असल्याचे आढळले. त्याच अभ्यासात डुकरांना मिनिटाला १२ श्वास दिले तेव्हा ७ पैकी ६ जगली आणि ३० दिले तेव्हा ७ पैकी १. म्हणून शॉकमधल्या रुग्णाला बॅगने श्वास देताना मनात मोजत जा, सहा सेकंदांनी एक, छाती जेमतेम उचलेल इतकाच.

श्वासनळीत नळी घालण्याच्या निर्णयाआधीही हाच हिशोब कर. रुग्ण स्वतः श्वास घेत असतो तोपर्यंत त्याची छाती रक्त ओढत असते, आणि भुलीचे औषध व व्हेंटिलेटर ही मदत एका क्षणात काढून घेतात, वर औषधाने रक्तवाहिन्या सैलावतात ते वेगळेच. शक्य तेथे आधी रक्त किंवा द्रव दे, दाब वाढवणारे औषध तयार ठेव, मग नळी घाल. दम्याच्या रुग्णाचा रक्तदाब नळी घातल्यावर कोसळला, तर हवा आत साठत चालली असण्याची शक्यता मोठी असते. तेव्हा नळी व्हेंटिलेटरपासून सोडवून छाती रिकामी होऊ दे. दाब लगेच सावरला नाही, तर छातीत फुफ्फुसाबाहेर हवा कोंडली आहे का ते तत्काळ पाहा.

तुमच्याकडच्या त्या उपकरणासोबत कोणत्या मापांचे मास्क आले आहेत आणि ते रात्रपाळीच्या सर्वांना बसवून दाखवले आहेत का, तेवढे कळव. वर लिहिलेल्या रुग्णांना ते लावू नये, अशी ठळक अक्षरातली चिठ्ठी त्याच्या पेटीवर चिकटवायला तुझ्या वरिष्ठांची परवानगी माग.

तुझी,
आई