खर्राबंदी मोजायची तर पानठेल्यावर या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

बुधवारच्या अंकातला गुटखाबंदीवरचा लेख दोनदा वाचला. लेखकांनी मेहनत घेतली आहे, नाही म्हणत नाही. त्यांचा हिशेब असा: २००९-१० मध्ये राज्यातले ३१.४ टक्के प्रौढ तंबाखू वापरायचे, २०१६-१७ मध्ये २६.६ टक्के उरले, मधे २०१२ ची बंदी, म्हणजे बंदीनं काम केलं! तसं असेल तर आमचं गाव बहुधा महाराष्ट्रात नसावं.

आमच्याकडेही एकदा असाच सर्व्हे आला होता. बिचारी पोरगी उन्हानं लाल झालेली. छपरीत बसून तिनं आमच्या वहिनीला विचारलं, "काकू, तंबाखू खाता का?" "नाही बाई." "ओढता?" "इश्श!" दोन्ही उत्तरं खरी. वहिनी नस, म्हणजे तंबाखूची पूड, दातांना घासते, दिवसातून तीनदा. घासता का, हे कुणी विचारलंच नाही. शेजारी माझा धाकटा भाऊ खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण, तोंडात भरून बसला होता. तोंड उघडायची सोय नव्हती, म्हणून त्यानं नुसती मान हलवली. तीही 'नाही' म्हणून नोंदली गेली असेल.

आता तर ते तोंड उघडतच नाही. दोन बोटंसुद्धा आत जात नाहीत. भात वरणात पातळ कालवून चमच्यानं सारावा लागतो. ज्याला ठेच्याशिवाय घास उतरत नव्हता, त्याला बिनतिखटाचं वरणही झोंबतं. डॉक्टर म्हणाले, जबडा आखडण्याचा हा रोग मुळात सुपारीचा. आणि सुपारीला कोण अडवतो? साधी सुपारी चालते, साधा तंबाखू चालतो, चुना तर चालतोच. सुगंधित तंबाखूवर तेवढी बंदी, म्हणून तो पोत्याखाली. सगळं प्लॅस्टिकच्या पन्नीत टाकून पाटीवर घोटलं की झाला खर्रा, म्हणजे गुन्हा. बरं, ती पातळ पन्नीही २०१८ पासून बंद. शिवाय शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायचा नाही, हा २००३ चा कायदा. मी एकतीस वर्षं ज्या शाळेत शिकवलं, तिच्या फाटकापासून ठेला माझ्या चाळीस पावलांवर आहे. एका पुडीत तीन कायदे मोडतात आणि घोटणारा माझाच विद्यार्थी. नमस्कार मात्र न चुकता करतो.

बंदीचा मला दिसलेला परिणाम एकच, दहाचा खर्रा तीसला झाला. रोवणीला माणसं लावली की मजुरीवर खर्रा द्यावाच लागतो. एक वर्ष मी तत्त्वाला धरून बसलो, तर दुसऱ्या दिवशी सगळी माणसं शेजारच्याच्या बांधीत. तिसऱ्या दिवशी गुरुजी स्वतः ठेल्यावर, वीस खर्रे बांधून घ्यायला! हेही लेखकांनी कुठंतरी नोंदवावं.

अन्न सुरक्षेच्या कायद्यात अशी बंदी एका वेळी वर्षभरापुरतीच घालता येते, म्हणून हुकूम दरवर्षी नव्यानं निघतो. आमच्याकडे मधूनच एखादी धाड पडते, फोटो निघतात, ठेला दोन दिवस बंद. अशा कारवाया मोजून अभ्यास होत असेल तर आनंद आहे. नाहीतर चार दिवस ठेल्याच्या बाकावर येऊन बसा, पाट्या मोजा, आणि आठवी-नववीच्या पोरांना 'आ' करायला सांगा. चहा माझ्याकडे.

आणखी एक. त्याच अंकात शेवटचं अख्खं पान वेलचीची जाहिरात होती, नाव मात्र पानमसाल्याचं. ठेलेवाल्यानं ती पाहून मला विचारलं, "गुरुजी, इतकी विलायची कोण खाते जी?" मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही द्याल का?

पत्र छापणार असाल तर हा शेवटचा भागही छापा. मागे एसटीबद्दल लिहिलं होतं, तेव्हा नेमकं बोचणारं तेवढं गाळलं होतं.

आपला,
एक सेवानिवृत्त शिक्षक, जि. चंद्रपूर