वेकहर्स्टची झाडं

प्रिय आई-बाबा,

फोनवर अर्धंच सांगून होतं, म्हणून लिहितेय. शनिवारी वेकहर्स्टला जाऊन आले. ससेक्समधली जुनी इस्टेट आहे, लंडनहून ट्रेननं हेवर्ड्स हीथ आणि पुढे बस. १५९० चा दगडी वाडा आणि भोवती शेकडो एकर झाडंच झाडं. १९०३ मध्ये जेराल्ड लोडर नावाच्या माणसानं ही इस्टेट विकत घेतली आणि कुठकुठल्या देशांतली झाडं हौसेनं आणून लावली. आता मालकी नॅशनल ट्रस्टची (जुन्या वास्तू-जागा जपणारी संस्था), पण १९६५ पासून सगळं बघतात ते क्यू गार्डन्सवाले, म्हणजे लंडनची ती मोठी वनस्पती-बाग.

बाबा, तुम्हाला मुद्दाम सांगायचंय ते हे की यातलं बरंचसं जंगल एका रात्रीत आडवं झालं होतं! १६ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे वादळ आलं, दक्षिण इंग्लंडमध्ये मिळून दीड कोटी झाडं पडली, एकट्या वेकहर्स्टमध्ये २०,००० च्या आसपास. ऑक्टोबर असूनही पानं अजून गळली नव्हती त्यामुळे वारा पूर्ण घेरात भरला, आणि आधीच्या पावसानं जमीन भिजून सैल झालेली, मग मुळं तरी काय धरणार.

पण मला खरं आवडलं ते पुढचं. होतं तसंच परत लावून ठेवायचं असं त्यांनी केलं नाही. जगात जी झाडं शेजारी-शेजारी वाढतात ती इथेही शेजारी लावायची असं ठरवून नव्यानं मांडणी केली, म्हणजे चालता चालता आपण एका खंडातून दुसऱ्या खंडात जातो. एका भागात कॅलिफोर्नियाची रेडवुड नावाची उंच झाडं, एका भागात चिली-ऑस्ट्रेलियाकडची झाडं, आणि एका उतारावर चक्क आपला हिमालय, ऱ्होडोडेंड्रॉनच्या फुलझाडांची दाटी. सिक्कीमला तुम्ही दोघांनी बघितले होते ना, तेच. १८४८-४९ मध्ये जोसेफ हूकर नावाचा वनस्पतीशास्त्रज्ञ सिक्कीममध्ये फिरून त्यांच्या बिया इकडे पाठवत होता, आणि क्यूमध्ये त्या घ्यायला त्याचे वडीलच डायरेक्टर होते! नंतर त्याच खुर्चीवर तो बसला.

त्याच वादळात तिकडे क्यूच्या बागेत एक जुना ओक, १७९८ च्या सुमाराचा, मुळासकट उचलला गेला आणि परत त्याच जागी बसला. आधीपासून मरगळलेलाच होता, जगेल असं कोणाला वाटलं नव्हतं, पण दोन-तीन वर्षांत तो जोमानं वाढायला लागला. तेव्हा लक्षात आलं की इतकी वर्षं लोकांच्या पायांनी त्याच्याखालची माती घट्ट दबली होती, मुळांना हवा-पाणी मिळत नव्हतं, आणि वादळानं ती मोकळी केली. आता जुन्या झाडांखालची माती मुद्दाम दाबानं हवा सोडून मोकळी करतात. हे वाचल्यापासून मी कुठल्याही मोठ्या झाडाच्या बुंध्याजवळ उभं राहायचं सोडलंय.

आणि वेकहर्स्टची ती यू नावाची सदाहरित झाडं, आई! तिथे वालुकाश्माचे उंच कातळ आहेत आणि त्यांच्या अगदी कडेवर ही झाडं उगवलीत. मातीच नाही, मग मुळं उघडीच, तांबूस-करडी, मनगटाएवढी जाड, दगडावरून खाली उतरत उतरत जमीन शोधत गेलेली. हात लावला तर गार आणि गुळगुळीत लागली. मी कितीतरी वेळ तिथेच होते.

तिथेच बियांची बँक पण आहे, २००० साली उघडली. तू दोडक्याच्या बिया सुकवून राखेत घालून डब्यात ठेवतेस ना, तेच काम, फक्त प्रचंड प्रमाणावर: आधी कोरड्या हवेत नीट सुकवायच्या आणि मग तळघरात उणे २० डिग्रीला ठेवायच्या. जगभरच्या हजारो जातींच्या बिया आहेत आणि अधूनमधून थोड्या काढून रुजवून बघतात, जिवंत आहेत का ते.

आता मुद्द्याचं. तुम्ही इकडे याल तेव्हा मला तुम्हाला तिथे न्यायचंय. दरीत उतरायचा रस्ता चढ-उताराचा आहे, बाबांच्या गुडघ्यांना तो नको, आपण वाड्याच्या बाजूनं सावकाश फिरू. मे महिन्यात ऱ्होडोडेंड्रॉन फुललेले असतात, ऑक्टोबरमध्ये पानं लाल-पिवळी होतात. मला स्वतःला मे बरा वाटतो, थंडी कमी. दोघं बोलून ठरवा आणि रविवारच्या आत कळवा, म्हणजे मी रजा टाकते आणि व्हिसाच्या कागदांचं बघते.

तुमची,
ताई