मॉरिशसच्या वटवाघळांसाठी कृषिमंत्र्यांना खुले पत्र

मा. कृषी-उद्योग मंत्री,
मॉरिशस प्रजासत्ताक

महोदय,
सादर नमस्कार.

माझ्या अंगणात लिचीचे झाड आहे. नोव्हेंबरात फळे लाल होऊ लागली की रात्रभर फांद्यांत चालणारी फडफड आणि सकाळी झाडाखाली पडलेला अर्धवट चावलेल्या फळांचा सडा मी दरवर्षी पाहतो. बागायतदारांचे नुकसान खरे आहे, हे मान्य करूनच वटवाघळांना गोळ्या घालण्याचा मार्ग शासनाने कायमचा सोडावा, अशी कळकळीची विनंती मी करीत आहे.

मास्करेन बेटांवर (मॉरिशस, रॉड्रिग्ज आणि रियुनियन) फलाहारी वटवाघळांच्या तीन जाती होत्या. एक नामशेष झाली, दुसरी केवळ रॉड्रिग्जवर उरली आणि आपल्या मुख्य बेटावर तिसरी, म्हणजे लिची खाणारी ही मॉरिशसची जात, एकटीच राहिली. डोडो पक्षी गेला, आपली महाकाय कासवे गेली. त्यानंतर देशी झाडांची मोठी फळे दूरवर नेऊन बी पसरवण्याचे काम प्रामुख्याने याच प्राण्यावर येऊन पडले. मादीला वर्षाला एकच पिल्लू होते आणि एखादे मोठे चक्रीवादळही त्यांची संख्या झपाट्याने घटवू शकते. असे असताना 2015 मध्ये सुमारे 30 हजार वटवाघळे मारली गेली, पुढच्याच वर्षी पुन्हा मोहीम निघाली, आणि 2018 मध्ये धोक्यातील जातींच्या जागतिक लाल यादीत या जातीची नोंद ‘संकटग्रस्त’ अशी झाली. आपल्याच कायद्याने संरक्षण दिलेल्या प्राण्याबाबत हे घडावे, याचे मला अतिशय दुःख होते.

चांगल्या अवस्थेतले देशी जंगल या बेटावर आता दोन टक्केही नाही, आणि त्यालाही बाहेरून आणलेल्या जातींनी घेरले आहे. सतराव्या शतकात जहाजांतून आलेली माकडे देशी झाडांची फळे कच्चीच तोडतात आणि घरट्यांतली अंडी खातात. डचांनी आणलेली हरणे कोवळी रोपे वाढू देत नाहीत. आणि जिथे फट मिळेल तिथे चिनी पेरू या बाहेरून आलेल्या झुडपाची दाट जाळी उभी राहते. मुंगूस उंदरांना आणि साळुंकी टोळांना आवर घालण्यासाठी भारतातूनच आणली गेली. माझे पूर्वजही त्याच समुद्रमार्गाने कोकणातून उसाच्या मळ्यांवर आले, म्हणून बाहेरून आलेल्या जिवांविषयी माझ्या मनात द्वेष नाही. परंतु शासनाची शक्ती कुठे खर्च व्हावी हे ठरवताना मूळचे कोण आणि जंगलाची हानी कशामुळे होते, हे पाहावेच लागते.

देशी जीव वाचवण्याचे काम आपल्याला जमते, हेही मी अभिमानाने सांगतो. 1974 मध्ये रानात अवघे चार मॉरिशस ससाणे उरल्याचे ज्ञात होते. ती जात आज जिवंत आहे. आपल्या राउंड या छोट्या बेटावरून शेळ्या आणि ससे हटवल्यावर तिथली झाडे पुन्हा रुजू लागली. इल-ओ-एग्रेत या छोट्या बेटाच्या 26 हेक्टरांवर उंदीर आणि मांजरे नसल्यामुळे गुलाबी कबुतरे निर्धास्त वावरतात.

फळझाडांवर घालायच्या जाळ्यांसाठी अनुदान देण्याची पद्धत आपल्याकडे आहेच. ते अंगणात एकदोनच झाडे असलेल्या कुटुंबांपर्यंत लिची पिकण्याआधी पोहोचावे आणि जाळी ताणून कशी बांधावी हे प्रत्यक्ष दाखवले जावे, कारण सैल जाळीत वटवाघूळ अडकून मरते आणि फळही वाचत नाही. बंदुकांवर होणारा खर्च ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानातला चिनी पेरू उपटण्याकडे वळवावा. पुढची लिची लाल होण्यापूर्वी आपण हा निर्णय जाहीर करावा, ही विनंती.

आपला नम्र,
मॉरिशसचा एक मराठी भाषक नागरिक