बंद पेडल: आधी वीज पाहा, मग आयसी

संपादक महोदय,

गिटारचे किंवा बेसचे सेकंडहँड पेडल (आवाजाला इफेक्ट देणारी, पायाने चालू-बंद करायची छोटी पेटी) घरी आणून लावले आणि आवाजच आला नाही, की बहुतेक जण ते कपाटात टाकून देतात, नाहीतर उघडून थेट आयसीला (आतल्या चिपला) हात घालतात. हा दुसरा प्रकार जास्त नुकसानीचा. जुन्या पीसीबीवरची (भाग बसवलेल्या सर्किट बोर्डावरची) तांब्याची पट्टी उष्णतेने सहज सुटते, आणि मूळ दोष भलतीकडेच असला तर एकाचे दोन बिघाड होतात. म्हणून आधी अ‍ॅडॉप्टर, मग जॅक आणि स्विच, आणि आयसी सर्वांत शेवटी, हा क्रम सोडू नये, असे मला कळकळीने सांगायचे आहे.

बहुतेक पेडल्सना ९ व्होल्ट डीसी लागते, आणि पिनच्या आत निगेटिव्ह, बाहेर पॉझिटिव्ह असते. घरातल्या इतर उपकरणांचे अ‍ॅडॉप्टर अनेकदा नेमके याच्या उलट असतात. पिन मात्र चपखल बसते. अशी उलटी वीज गेली की पेडलमधला संरक्षक डायोड (एकाच दिशेने वीज जाऊ देणारा भाग) ती स्वतःवर घेतो. तो डीसी सॉकेटजवळच असतो: काळा, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, एका टोकाला पांढुरकी पट्टी, अंगावर बहुधा १एन४००१ किंवा १एन४००७ असा क्रमांक. जास्त वेळ उलटी वीज मिळाली तर तो कायमचा शॉर्ट होतो. मग बरोबर अ‍ॅडॉप्टर लावूनही एलईडी पेटत नाही आणि अ‍ॅडॉप्टरचे व्होल्टेज शून्याजवळ कोसळते. असे पेडल ‘जळलेले’ म्हणून विकले जाते, प्रत्यक्षात गेलेला असतो तो हा एक स्वस्त भाग.

तपासणी सोपी आहे. वीज बंद करा, बॅटरी काढा, मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवा. चांगला डायोड एका दिशेने ०.५ ते ०.७ दाखवतो, उलट दिशेने काहीच नाही. दोन्हीकडून शून्याजवळ आकडा आला तर एक पाय सोल्डरमधून सोडवून पुन्हा मोजा, कारण शॉर्ट शेजारच्या कपॅसिटरमध्येही असू शकतो. नवा डायोड जुन्याच्या दिशेनेच बसवावा. पुरवठ्याला समांतर जोडलेला असेल तर पट्टी पॉझिटिव्हकडे. डायोड काढून पेडल तसेच वापरणे मात्र कटाक्षाने टाळा. पुढच्या उलट्या अ‍ॅडॉप्टरला मग सगळी सर्किट बळी पडते.

अ‍ॅडॉप्टरवर चालते पण बॅटरीवर नाही, अशी तक्रार असेल तर इनपुट जॅक पाहा. तो बहुधा स्टिरिओ असतो, आणि साधी मोनो पिन आत गेली की तिच्यामुळेच बॅटरीचे निगेटिव्ह ग्राउंडला जोडले जाते. जॅकची पत्ती सैल झाली की हे जुळतच नाही. (पिन आत असली की बॅटरी जोडलेलीच राहते, म्हणून केबल लावून ठेवलेल्या पेडलची बॅटरी पडल्या पडल्या उतरते.) जॅक थेट पीसीबीवर असतील तर त्यांचे पाय भिंगाखाली नीट पाहा. सोल्डरच्या टेकडीभोवती केसाएवढे बारीक काळे वर्तुळ दिसले तर तो ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न जुळलेला जोड, आहे. केबल हलवली की आवाज जातो-येतो, तो यामुळेच. थोडे नवे सोल्डर देऊन दोन-तीन सेकंद गरम केले की पुरते.

स्विचकडे वळण्याआधी पेडल कोणत्या जातीचे आहे ते ओळखा. ट्रू बायपास पेडलमध्ये इफेक्ट बंद असताना सिग्नल सर्किट टाळून थेट पुढे जातो, म्हणून त्या स्थितीत वीज नसतानाही गिटारचा साधा आवाज जातो. बफर (सिग्नल सतत ज्यातून जातो ते विजेवर चालणारे छोटे सर्किट) असलेल्यातून वीज नसली की काहीच जात नाही, आणि तो दोष नव्हे. ट्रू बायपासच्या फूटस्विचला बहुधा नऊ पाय असतात, तीन-तीनचे तीन स्वतंत्र गट. प्रत्येक गटाचा मधला पाय एका वेळी वरच्याशी, दाबल्यावर खालच्याशी जुळायला हवा, तोही एक ओहमच्या आत. दर दाबाला आकडा बदलत असेल तर स्विच झिजला आहे. नवा लावताना एका पायावर सोल्डरिंग आयर्न तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका. आतले प्लॅस्टिक वितळते.

पॉटची (नॉबखालच्या फिरत्या रेझिस्टरची) खरखर कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन थेंब आणि वीस-पंचवीस फेऱ्यांनी जाते. गेली नाही तर पॉटवर डीसी येत आहे का ते मोजा. आधीचा कपॅसिटर गळत असेल.

एवढे करूनही एलईडी पेटते, बायपास ठीक आहे, पण इफेक्ट नाही, तरच आयसी. टीएल०७२ किंवा ४५५८ असेल तर, ९ व्होल्टवर चालणाऱ्या साध्या सर्किटमध्ये, आठव्या पायावर सुमारे ९ व्होल्ट, चौथ्यावर शून्य आणि पहिल्या व सातव्यावर सुमारे ४.५ मिळायला हवेत. पहिला आणि सातवा दोन्ही शून्याकडे झुकले असतील तरी आयसी काढू नका. आधी ४.५ व्होल्ट तयार करणारे दोन सारखे रेझिस्टर जिथे मिळतात तिथे मोजा. तिथला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर गळू लागला की तो सगळा बायस, म्हणजे हे ४.५ व्होल्ट, खाली ओढतो, आणि दोष येतो आयसीच्या माथी. चोरटा दोष सापडत नसेल तर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावलेली एक वायर अँपला जोडा, आवाज कमी ठेवा आणि इनपुटपासून एकेका जोडावर टेकवत पुढे जा. आवाज जिथे हरवतो, बिघाड त्याच्या अलीकडच्या भागात. आतले छोटे ट्रिमर (स्क्रूड्रायव्हरने फिरणारे जुळणीचे पॉट) मात्र मूळ जागा पेनने खूण केल्याशिवाय फिरवू नका.

थेट घरातल्या विजेवर चालणारी व्हॉल्व्हची पेडल्स यात धरू नका. त्यांत जीवघेणे व्होल्टेज असते, प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये उरते.

विकणाऱ्यांना एकच विनंती. पेडलच्या पाठीवर व्होल्टेज, मिलिअँपिअर आणि पिनची दिशा लिहिलेली पट्टी चिकटवा, आणि बॅटरी काढूनच पेडल हाती द्या. वर्षानुवर्षे आत राहिलेली बॅटरी फुटली की क्लिपवर आणि वायरीच्या आत हिरवा-पांढरा थर चढतो. क्लिप बदलता येते, पीसीबीच्या पट्ट्या खाल्ल्या गेल्या तर त्या एकेक करून तारेने जोडाव्या लागतात.

आपला,
एक वाचक