कमिटी आणि वस्ताद एकच झाले तर

महोदय,

मोठ्या मुष्टियुद्ध लढतींच्या अर्थकारणावर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. लढत भरवून विकणारा प्रमोटर नसता तर या लढती झाल्याच नसत्या, हा त्या लेखाचा सूर मला पटतो, पण अर्धाच. अमेरिकी प्रमोटर डॉन किंग यांनी १९७४ साली हाती पैसा नसताना मुहम्मद अली आणि जॉर्ज फोरमन या दोघांच्या प्रत्येकी ५० लाख डॉलरच्या बोलीवर सह्या घेतल्या, पैसे देणारा मागाहून शोधला आणि झैरेचे हुकूमशहा मोबुटू यांच्या रूपाने तो मिळाल्यावर किन्शासात लढत उभी केली. याला धाडस लागते, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र लढत विकणारा आणि लढणाऱ्याची बाजू सांभाळणारा माणूस एकच झाला, की लढणाऱ्याच्या वतीने बोलायला कोणी उरत नाही, ही गोष्ट लेखात राहून गेली आहे.

कुस्तीच्या मैदानात वाढलेल्यांना हे चटकन कळेल. जत्रेत मैदान भरवणारी कमिटी वेगळी आणि पैलवानाचा वस्ताद वेगळा. कमिटीला गर्दी हवी असते, म्हणून ती चढी जोड लावू पाहते; पोरगं अजून कच्चं आहे, ही जोड त्याला झेपायची नाही किंवा एवढ्या इनामावर तो उतरायचा नाही, हे तोंडावर सांगायला वस्ताद असतो. दोघांची हुज्जत होते आणि ती व्हायलाच हवी. व्यावसायिक मुष्टियुद्धात पैशाच्या बाबतीत वस्तादाची ही जागा मॅनेजरची आहे.

किंग प्रमोटर असलेल्या अनेक मुष्टियोद्ध्यांचे मॅनेजर होते त्यांचेच सावत्र पुत्र कार्ल किंग. त्यातून काय घडले, हे टिम विदरस्पून यांच्या हिशेबात दिसते. जुलै १९८६ मध्ये लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर त्यांनी फ्रँक ब्रुनो यांना अकराव्या फेरीत हरवून हेवीवेट जगज्जेतेपद राखले. त्यांचे ठरलेले मानधन सुमारे ५ लाख डॉलर होते. मॅनेजरचा वाटा, सराव शिबिराचा खर्च आणि इतर कपाती वजा जाता जगज्जेत्याच्या हातात पडले जेमतेम ९० हजार. हरलेल्या ब्रुनोंची कमाई त्याहून कितीतरी जास्त होती. विदरस्पून यांनी पुढे दावा लावला आणि काही वर्षांनी तो तडजोडीने मिटला. पण कारकिर्दीची ऐन उमेदीची वर्षे कोर्टात गेली, ती कुठल्या तडजोडीत भरून मिळत नाहीत.

खुद्द अलींचीही यातून सुटका झाली नव्हती. ऑक्टोबर १९८० मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी ते लॅरी होम्स यांच्याशी लढले. दहा फेऱ्या मार खाल्ल्यावर त्यांच्या कोपऱ्यातल्या प्रशिक्षकानेच लढत थांबवली. करार ८० लाख डॉलरचा होता आणि हाती आली रक्कम सुमारे १२ लाखांनी कमी होती. अलींनी दावा केला. त्यानंतरची हकिकत अशी सांगतात, की अली रुग्णालयात असताना किंग यांनी अलींच्याच एका जुन्या सोबत्याच्या हाती ५० हजार डॉलर रोख भरलेली सुटकेस पाठवली आणि त्या नोटांसमोर अलींनी दावा सोडल्याच्या कागदावर सही केली.

अमेरिकेत २००० साली झालेला मुष्टियुद्ध सुधारणा कायदा अलींच्याच नावाने ओळखला जातो. प्रमोटरला मॅनेजरच्या व्यवसायात आर्थिक हितसंबंध ठेवता येणार नाहीत, लढतीतून आपल्याला काय मिळाले हे त्याने मुष्टियोद्ध्याला सांगितले पाहिजे आणि जगज्जेत्याशी लढायची संधी देण्याच्या बदल्यात पुढच्या लढतींचे हक्क वर्षभरापेक्षा जास्त काळ लिहून घेता येणार नाहीत, असे हा कायदा सांगतो. त्यातली एक फट मात्र मला कायम खटकत आली आहे. प्रमोटर आणि मॅनेजर यांच्यातली ही भिंत दहा किंवा अधिक फेऱ्यांची लढत खेळणाऱ्यांपुरतीच आहे. ज्या पोराला पहिल्या चार-सहा फेऱ्यांच्या लढतीसाठी समोर येईल तो कागद सही करावा लागतो, तो या भिंतीबाहेरच उभा आहे.

आता हा कायदाही पातळ करण्याचा घाट दिसतो. याच कायद्यात बदल सुचवणारे विधेयक २०२५ साली अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात मांडले गेले. लढती भरवणारी संस्थाच आपली क्रमवारी आणि आपला जगज्जेतेपदाचा पट्टा ठेवू शकेल, अशी वाट त्यात काढली आहे. फेरीमागे किमान मानधन आणि विमा यांसारख्या चांगल्या तरतुदी त्यात आहेत, हे मान्य. पण विधेयकाला पाठिंबा देणाऱ्या टीकेओ समूहाच्या यूएफसी या मिश्र मार्शल आर्ट्सच्या लढती भरवणाऱ्या कंपनीवर तिथल्या लढवय्यांनी मक्तेदारीतून मानधन दाबल्याचा दावा लावला होता आणि तो ३७.५ कोटी डॉलर मोजून मिटवावा लागला, हे विसरून कसे चालेल?

लेखात मेवेदर-पॅकियाओ लढतीचे कौतुक आहे. २०१५ च्या त्या लढतीची ४६ लाख पे-पर-व्ह्यू (त्या लढतीपुरते पैसे भरून टीव्हीवर पाहण्याची) विक्री डोळे दिपवणारीच आहे. पण बोलणी २००९ पासून सुरू होती. उत्तेजकांसाठीच्या रक्तचाचणीचा वाद होताच, त्यात प्रमोटरांची वैरे आणि दोन प्रतिस्पर्धी वाहिन्यांचे करार यांची भर पडली. अखेर लढत झाली तेव्हा एक ३८ वर्षांचा आणि दुसरा ३६ वर्षांचा होता. प्रमोटर लढती घडवतात तशा अडवूनही धरतात.

हे सारे परक्या देशाचे रडगाणे, असे कुणी म्हणेल. ५ ऑगस्ट २०१७ रोजी वरळीच्या एनएससीआय स्टेडियममध्ये विजेंदर सिंग आणि चीनचा झुल्पिकार मैमैतियाली यांची लढत पाहायला मी मुलाला घेऊन गेलो होतो. कमरेखाली बसलेल्या ठोशांनी विजेंदर कळवळला तेव्हा सारे स्टेडियम उभे राहिले होते. बीजिंगचे कांस्यपदक मिळवलेल्या या खेळाडूशी ब्रिटिश प्रमोटर फ्रँक वॉरन यांच्या क्वीन्सबेरी कंपनीने २०१५ मध्ये करार केला नसता तर ती रात्र मुंबईला दिसली नसती, हेही खरेच. २०२१ साली पणजीत कॅसिनोच्या जहाजावर विजेंदर व्यावसायिक कारकिर्दीत प्रथमच हरला, तीही बातमी आपण छापली. या बातम्यांत मानधनाचा हिशेब मात्र कधी वाचायला मिळाला नाही आणि तो जाहीर करायला लावणारा अली कायद्यासारखा कायदा आपल्याकडे नाही. निदान कुठल्या मुष्टियोद्ध्याचा प्रमोटर कोण आणि मॅनेजर कोण, एवढी ओळ आपण प्रत्येक बातमीत द्यावी, ही माझी विनंती आहे.

विनंतीला कारण आहे. आमच्या चाळीतला एक मुलगा गेली सात वर्षे मुष्टियुद्ध करतो. गेल्या महिन्यात तो इंग्रजीतला चौदा पानी करार घेऊन माझ्याकडे आला; पाच वर्षांची मुदत, लढतींच्या संख्येची हमी नाही, आणि शेवटच्या पानावर प्रमोटर म्हणून व मॅनेजर म्हणून एकाच गृहस्थाच्या दोन सह्या, एकाच निळ्या शाईत. मुलाला ते वावगे वाटले नव्हते. एकाच माणसाशी बोलायचे म्हणजे कटकट कमी, असे तो म्हणाला. त्याने अजून सही केलेली नाही. कागद माझ्या कपाटात आहेत आणि मी वकील शोधतो आहे.

आपला,
एक जुना वाचक, परळ, मुंबई